उषाताईचा नंबर

आधी नाव लिहितो, म्हणजे पुढं काही राहून गेलं तरी ते राहायचं नाही. उषाताई. जालन्याकडं मंठ्याच्या पुढं आमचं गाव आहे, तिथल्या सेवा केंद्राची उषाताई. माझी आई आज स्वतःच्या शेताच्या बांधावर उभी राहते आणि त्या शेताचा कागद कुणाच्या मेहेरबानीवर नाही, हे उषाताईमुळं. आठवीतून शाळा सुटलेला मी आज अरुणाचलच्या डोंगरात, रस्त्याच्या कामावर पोकलेन मशीन चालवतो, दोन वेळचं नीट खातो, तेही तिच्यामुळं. माझं लायसन, माझा पोलिसांचा दाखला, माझं पहिलं रेल्वेचं तिकीट, सगळं तिच्या प्रिंटरमधून निघालं. हे पहिल्यांदा सांगितलं. आता काय झालं ते सांगतो.

आमच्या कॅम्पवर रेंज नाही. खाली नदीच्या अंगाला रस्ता वळतो, तिथं एका दगडाशेजारी उभं राहिलं तर फोनला रेंज येते. बिहारी, ओडिया, आम्ही मराठवाड्यातले, सगळेच त्या जागेला पोस्ट ऑफिस म्हणतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिथं माणसं फोन वर धरून उभी असतात. मीही उभा होतो. फोन थरथरला आणि आईचे अडकून पडलेले मेसेज एकामागून एक उतरले. आईला लिहिता येत नाही, ती शेजारच्या सविताच्या फोनवरून आवाज पाठवते. पहिल्या मेसेजमध्ये आई म्हणत होती, उषा दळण घेऊन उठली अन् चक्कर येऊन पडली, जालन्याला नेलं. दुसऱ्यात, डोक्यात रक्त साकळलंय म्हणतात, संभाजीनगरला हलवून राह्यलेत. तिसऱ्यात आई काही बोललीच नव्हती, नुसता तिचा श्वास आणि लांब कुठंतरी गाडीचा आवाज. चौथा मी उघडला नाही... जोवर उघडत नाही तोवर उषाताई आहे, असं वाटलं. फोन हातात धरून मी तसाच नदीकडं बघत बसलो. मग मागची माणसं जागेसाठी घाई करायला लागली, आणि उघडावा लागला. "उषा गेली रे बाळा," एवढंच होतं त्यात. तोवर तिकडं सगळं उरकलं होतं. मी मेसेज ऐकत होतो तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती.

त्याला आता काही आठवडे झाले. हे मी मोबाईलवर बोलून लिहितोय. मी बोलतो, फोन टाईप करतो. मी 'न्हाई' म्हटलं की तो 'नाही' करतो, काही ठिकाणी मी हातानं माघारी बदललंय. उषाताई असती तर म्हणाली असती, त्याला म्हणावं चार दिवस मंठ्याला येऊन ऱ्हा. गावाकडचे काहीजण म्हणाले की तुझ्यासारख्यानं पेपरात काय लिहावं, आणि ऑनलाइनच्या बाईवर कुणी लिहितं का. मी लिहिणार. मोठी माणसं गेली की पानं भरून येतं. आमच्याकडं मोठं माणूस तेच होतं.

उषाताई जाफराबादकडची. लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा बारावी झालेली होती. विलासभाऊ, म्हणजे तिचे मालक, मंठ्याच्या रोडवर काळी-पिवळी जीप चालवायचे, अजून चालवतात. माणूस एकदम गरीब, बोलणं कमी. त्या दोघांत बोलायचं काम उषाताईकडं होतं. ती आली त्या सुमाराला गावच्या शाळेत आधार कार्डाचं कॅम्प लागलं. बाहेरून पोरं मशीन घेऊन आल्ती. सगळा गाव रांगेत. तिथं एका म्हातारीला विचारलं, मोबाईल नंबर? म्हातारी म्हणाली, मोबाईल कुठला रे बाबा, मला चूल हाय. पोरगा म्हणाला, नंबर पाहिजेच. उषाताई मागं उभी होती. तिनं सहज म्हटलं, माझा टाका, आजीला काही निरोप आला तर मी सांगंन. झालं. मागच्या माणसानं ते ऐकलं आणि त्याला वाटलं, सरकारनं हा एक नंबर ठरवून दिलाय. त्यानं तोच सांगितला. त्याच्या मागच्यानं तोच. रांगेत पुढून मागं नंबर सरकत गेला, लोक पाठ करत करत पुढं आले, ज्यांना पाठ होईना त्यांनी शेजारच्याला धरून ठेवलं. उषाताई ओरडून सांगून राह्यली होती की बाबांनो, हा माझा हाय, सासऱ्यांनी घेऊन दिलेला. पण नव्या सुनेचं कोण ऐकतंय. एकानं तिलाच समजावलं, बाई, गावाचा पिनकोड जसा एक, तसा गावाचा नंबर एक. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळं गाव तिच्या नंबरात जाऊन बसलं. माझी आईसुद्धा.

तेव्हा हसण्यावारी गेलं. मग हळूहळू सगळं त्या नंबरावर यायला लागलं. रेशनचं काही असो, निराधारच्या पगाराचं असो, गॅस असो, कुठंही बोट लावायच्या ऐवजी ओटीपी मागायचे, आणि ओटीपी म्हणजे ते सहा आकडे, ते उषाताईच्या फोनवर. पुण्याला चाकणला गेलेली पोरं, ऊस तोडायला कर्नाटकात गेलेली माणसं, कुणाचंही काम कुठंही अडलं की उषाताईला फोन. तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि ही मांडवाच्या कोपऱ्यात एका कानात बोट घालून कुणाला तरी आकडे सांगून राह्यली होती. इकडून सावधान, तिकडून चार झिरो सहा. तिच्या आईनं डोक्याला हात लावला. तिला फोन बदलता येईना, कंपनी बदलता येईना, माहेरी जाऊन फोन बंद करून झोपता येईना. ती म्हणायची, माझ्या नवऱ्याला माझा नंबर पाठ न्हाई, अन् गावाला हाय.

शेवटी तिनंच विचार केला की आकडे माझ्याकडंच येतात तर मशीनही माझ्याकडंच असू दे. परीक्षा दिली, मान्यता काढली आणि ओट्यावरच्या पत्र्याच्या खोलीत केंद्र टाकलं. टेबल, कॉम्प्युटर, बोटाचं मशीन, आणि धुळीसाठी प्रिंटरवर विलासभाऊंचा जुना टॉवेल. साईट चालली नाही की बाहेर बसलेल्या लोकांना सांगायची, सर्वर जेवायला गेलाय, या तुम्ही पण जेवून. कुणी कौतुकानं म्हटलं की ताई, तुम्ही समाजसेवा करता, तर तिला राग यायचा. "समाजसेवा न्हाई, धंदा हाय. पावती घे." दर भिंतीवर लावलेला, त्याच्या वर एक रुपया नाही आणि खालीही नाही. एकदा महिला दिनाला तालुक्याला तिचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. माईक हातात आला तर म्हणाली, शाल चांगली हाय, लाईट कवा देता? पुढच्या वर्षी बोलावलं नाही. ती म्हणाली, बरं झालं, शाली ठेवायला कपाट न्हाई.

तिचा एक नियम होता. ओटीपी ज्याचा, त्याचा आवाज ऐकल्याशिवाय ती आकडे सांगायची नाही. सुरुवातीला सांगायची. पण एका जावयानं सासूचा म्हणून ओटीपी मागून घेतला, आणि म्हातारीचं नाव तिच्या स्वतःच्या रेशन कार्डावरून निघून लेकीच्या सासरच्या कार्डावर जाऊन बसलं. म्हातारी दुकानात गेली तर तिचं धान्य दुसऱ्या गावात. ते नाव माघारी आणायला उषाताईनं तहसीलच्या किती खेपा घातल्या ते तिलाच माहीत. त्या दिवसापासून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी माणूस बोलू दे." मग त्या माणसाला विचारायची, काय काम चाललंय तुझं? त्याला सांगता आलं तर आकडे. नाही सांगता आलं तर नाही. लोक चिडायचे. ओटीपी दहा मिनिटांत मरतो, अन् ही बाई इतिहास विचारते. ती म्हणायची, मरू दे, दुसरा येतो. ओटीपीला काय सुतक न्हाई.

मी आठवीत होतो तेव्हा वडील वारले. माझं शिक्षण तिथंच थांबलं. आमच्या थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी, मला ट्रॅक्टरवर बसवलं. हे मी विसरत नाही. त्यांच्याच ट्रॅक्टरवर हात बसला आणि पुढं जेसीबी, मग पोकलेन. आमचं शेतही तात्याच बटईनं, पिकाच्या वाट्यावर, करत होते. मी लायसनसाठी उषाताईकडं गेलो तेव्हा तिनं शिक्षणाच्या रकान्यात आठवी टाकली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, इथं दहावी लिहायला मला लई आवडलं असतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बस, मी भरते. दर वर्षी तिचं तेच. मी म्हणायचो, पुढच्या साली. ती म्हणायची, पुढचं साल तुझ्या सासऱ्याचं हाय का, तुला राखून ठेवायला?

अरुणाचलला निघालो तेव्हा मला एकच घोर होता, आईचा. मी मुळात घाबरट माणूस. मशीन दरीच्या कडेला उभी करायला भीत नाही, पण घरून आलेला फोन उचलायला भितो. उषाताईला म्हटलं, आईचा नंबर माझा टाकू का? ती म्हणाली, डोंगरात तुझ्या फोनला रेंज येणार दिवाळीला, अन् इथं ओटीपी येणार आज. ऱ्हाऊ दे माझाच. तू जा.

मग ते झालं, ज्याच्यासाठी मी हे लिहितोय.

शेतकऱ्यांची ऑनलाइन नोंदणी निघाली. ज्याच्या नावावर जमीन, त्यानं आपलं आधार जोडायचं, फोन नंबर द्यायचा, मग त्याला एक आयडी. पुढं पीक विमा म्हणा, नुकसानीची मदत म्हणा, सगळं त्याच आयडीवर. वडिलांच्या मागं आमची जमीन आईच्या नावावर आल्ती. तात्यांनी आईकडून आधार कार्ड मागून नेलं, म्हणाले तुझं काम करून आणतो. आईनं दिलं. आई तात्यांपुढं डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, आणि तोवर त्यांच्यासमोर उभं राहून एक वाक्य बोललेली नव्हती. तात्या गावातल्या केंद्रात न येता मंठ्याला एका दुसऱ्या केंद्रात गेले. आईच्या जमिनीची नोंदणी भरली, पण फोन नंबर स्वतःचा दिला आणि बँकेचं खातंही स्वतःचं. म्हणजे आईच्या शेताचं जे काही येईल, ते यापुढं तात्यांच्या फोनवर आणि तात्यांच्या हातात. आईनं सही केल्याचं समजायला शेवटी आधारचा ओटीपी लागतो. तो आला उषाताईच्या फोनवर. हे सगळं नंतर तिनंच मला सांगितलं, दोघांचे आवाज काढून.

"संदीपच्या मायचा ओटीपी आला असंल. सांग जल्दी, इथं लाईन लागलीय."

"आलाय तात्या. तिला द्या फोन."

"ती कुठं हाय इथं? ती घरी."

"मंग तिला इथं माझ्याकडं येऊ द्या. काय काम चाललंय ते ती मला सांगंल, मी तिला आकडे सांगंन."

"अगं, मी तिचा जेठ हाय. मी काय परका हाय का?"

"जेठाला ओटीपी येत न्हाई, तात्या."

त्यांनी पुन्हा पाठवला. पुन्हा फोन वाजला. पुन्हा नाही. पुन्हा पाठवला. शेवटी साईटनंच दार लावून घेतलं, आज नका येऊ म्हणून. उषाताईनं केंद्राला कुलूप घातलं आणि सरळ आमच्या घरी आली. आई अंगणात तूर पाखडत होती. तिला सगळं समजावून सांगितलं. आई म्हणाली, जाऊ दे उषा, घरातलाच माणूस हाय. उषाताई म्हणाली, "घरातला हाय म्हणून तर तुला विचारायला आले. बाहेरचा असता तर तिथंच फोन ठेवला असता." मग म्हणाली, तुझी मर्जी असंल तर बिलकुल सांगते त्यांना आकडे, तुझी जमीन, तुझी खुशी. फक्त तू तोंडानं म्हण. आईच्या हातात सूप तसंच. उषाताई थांबून राहिली. शेवटी आई म्हणाली, मला न्हाई कळत यातलं. "मंग तुला कळंस्तोर आकडे कुणालाच न्हाईत," असं म्हणून ती उठली.

मला हे समजलं तेव्हा मी पोस्ट ऑफिसच्या दगडावरून तिला फोन लावला. म्हटलं, ताई, भांडण नको, आई तिथं एकटी राहते, उद्या विहिरीवर जायला वाट तात्यांच्याच शेतातून आहे. ती ओरडली. "तू तिथं डोंगर फोड. इथलं मी बघते. अन् वाट बंद केली तर वाटेचा बी अर्ज ऑनलाइन असतो." आणि हसली. तिचं हसणं ऐकून मी फोन खिशात टाकला आणि वर कामावर गेलो. दुसऱ्या आठवड्यात तिनं आईला केंद्रात समोर बसवलं, एक एक रकाना वाचून दाखवला, आईला पुन्हा म्हणायला लावला, आणि नोंदणी केली. खातं आईचं. नाव आईचं. फोन नंबर... दुसरा नव्हताच, तिचाच.

तात्या गप्प बसणारे नव्हते. मारुतीच्या पारावर त्यांनी विषय काढला की सगळ्या गावाचे आकडे एका बाईच्या फोनात, उद्या गाव विकून माहेरी जाईल. आणि खरं सांगायचं तर बोलणं खोटं असलं तरी भीती खोटी नव्हती. उषाताईला ते लागलं. पण ती रडत बसली नाही. केंद्राच्या दारावर खडूनं लिहिलं, ज्याला आपला नंबर वेगळा करायचा आहे त्यानं या, आधार केंद्र मंठ्याला, जीप आपली, भाडं नाही. स्वतः घरोघर जाऊन सांगितलं. सविता तेवढी गेली, तिच्याकडं नवा फोन होता. बाकी कुणी येईना. किसन आबा नावाचे म्हातारे आहेत, ते म्हणाले, "बायको बदलंन एक वेळ, नंबर न्हाई बदलणार. दुसरी ओटीपीवाली कुठून आणू?" लोक हसले. आई पण म्हणाली, तुझाच बरा हाय गं. उषाताई कपाळाला हात लावून म्हणाली, अरे, मी मेल्यावर काय करता? त्यावर आबा म्हणाले, तू कशाला मरती, आमचा नंबर आधी. तेव्हा ते सगळ्यांनाच बराबर वाटलं. आबांचं वय ते, आणि हिचे केस अजून पिकायचे होते.

आबा आहेत. उषाताई गेली.

तिला नेलं त्या दिवसाचं आईनं मला सांगितलं. आमच्याकडं बायका स्मशानात जात नाहीत, पण त्या दिवशी बऱ्याचजणी ओढ्यापर्यंत गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. खांदेकऱ्यांनी तिला खाली ठेवलं. आणि विलासभाऊंच्या खिशात तिचा फोन वाजला. मेसेजचा आवाज होता. भाऊंनी फोन काढला, बघितला. सहा आकडे. कुणाचा होता ते त्यांना कळेना, तिलाच कळायचं. त्यांनी फोन वर धरून सगळ्यांकडं बघितलं, कुणाचा हाय म्हणून. कुणीच हात वर केला नाही. चाकणच्या, नाहीतर कर्नाटकातल्या कुणाला माहीत नव्हतं की ती गेली. तो तिकडं वाट बघत उभा असणार, आता ताई फोन उचलंल, आता विचारंल काय काम चाललंय तुझं... शेजारचा कुणीतरी म्हणाला, बंद करा तो. भाऊंनी बंद केला नाही. परत खिशात ठेवला, आणि पुढं जाऊन अग्नी दिला.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तात्या विलासभाऊंच्या घरी आले. सिम भाऊंच्याच नावावर घेतलेलं होतं, म्हणजे कायद्यानं त्यावर हक्क भाऊंचा होता. तात्या ओट्यावर बसले, चहा घेतला. वाईट बोलले नाहीत, खोटं कशाला सांगू. म्हणाले, विलास, तू दिवसभर जीपवर. कुणाचा फोन आला तर तू मंठ्याच्या स्टँडवर ओरडून राह्यलेला असशील. गावाची अडचण होती. मी घरीच असतो. सिम माझ्या नावावर करून दे, मी सांभाळतो. ओट्यावर बसलेल्या दोघांतिघांनी माना हलवल्या. बोलणं बिनचूक होतं. विलासभाऊंचा हात खिशाकडं गेला. त्या माणसाला आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही, त्यांच्या वाट्याचं 'नाही' म्हणणारी बाई आदल्या पंधरवड्यात गेली होती.

आई आत भांडी घासत होती. दुःखाच्या घरात शेजारच्या बायका कामाला असतात तशी. ती हात न पुसताच उंबऱ्यात आली. पदर डोक्यावर होता. तात्यांकडं न बघता, पण तात्यांनाच, ती बोलली.

"भाऊजी, त्या नंबरात मी बी हाय. आधी मला विचारा."

सविता सांगते की तात्यांचा चहाचा कप हातात तसाच राहिला. त्यांना बोलणं समजायला वेळ लागला, कारण आवाजच ओळखीचा नव्हता. आतून दुसरी एकजण म्हणाली, मला बी विचारा. मग आणखी एक. तात्या म्हणाले, अगं, मी तुमच्या भल्यासाठीच म्हणून राह्यलो. आई म्हणाली, असंल. पण मी न्हाई म्हणते. आणि मग भाऊंकडं वळून म्हणाली, "विलास, सकाळची जीप मंठ्याला कवा हाय? माझा नंबर आधी बदलून आण. मंग पुढचं बोलू."

ज्या बाईला उषाताईनं 'फक्त तोंडानं म्हण' म्हणून विनवलं होतं, तिनं तोंडानं म्हटलं. उषाताई असताना नाही म्हटलं, गेल्यावर म्हटलं. लोक मला सांगतात की मेलेलं माणूस परत येत नाही. नसंल येत. पण त्या उंबऱ्यात माझी आई एकटी उभी होती, हे मला कुणी पटवून दाखवावं.

तात्या, तुम्ही पेपर वाचता, हेही वाचाल. तुम्ही मला ट्रॅक्टर शिकवला, मी तुमच्या पाया पडतो आणि पडत राहीन. पण आईचा आकडा आईचाच. विहिरीची वाट बंद करायची असेल तर करा, तिचा अर्ज ऑनलाइन असतो, मला सांगून ठेवलंय.

आईनं आता स्वतःचा बटनांचा फोन घेतला आहे, स्वतःच्या अंगठ्यावर घेतलेलं सिम. तिला अक्षर येत नाही, आकडाही येत नाही. परवा विम्याच्या कामाला ती भाऊंबरोबर गेली आणि पहिल्यांदा तिचा ओटीपी तिच्याच फोनवर आला. केंद्रातल्या माणसानं विचारलं, आजी, काय आलं ते वाचा, नाहीतर फोन द्या इकडं. आईनं फोन दिला नाही. डोळ्याजवळ धरला आणि म्हणाली, "काठी. भाकर. कोयता. परत भाकर. बदक. अन् डमरू." तो माणूस हसायला लागला. आई म्हणाली, हसू नको, बराबर हाय का ते सांग. बराबर होता. विलासभाऊ हे मला फोनवर सांगत होते, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा मी त्या माणसाला हसताना ऐकलं.

आईच्या मागं इतर निघाले. भाऊ सकाळच्या फेरीला पुढच्या सीटवर दोन-तीन माणसं त्यासाठीच घेतात, मंठ्याला आधार केंद्राच्या रांगेत उभं करतात आणि संध्याकाळच्या फेरीला परत आणतात. किसन आबा सगळ्यात जास्त कुरकुर करत गेले. नातवाचा नंबर दिला आणि घरी येऊन जेवले नाहीत. उषाताईचं सिम भाऊंनी चालू ठेवलं आहे. त्यात जो राहिला असेल त्याचा ओटीपी आला की भाऊ जीप कडेला घेतात आणि त्या गरीब आवाजात म्हणतात, आधी माणूस बोलू दे. प्रवासी खोळंबतात. भाऊ ऐकत नाहीत.

आता जे उरलेत ते सगळे अवघड आहेत. कुणी खाटेवर आहे, जीपमध्ये बसवता येत नाही. कुणी ऊसतोडीला गेलेलं, कोणत्या कारखान्यावर ते घरच्यांनाही नक्की माहीत नाही. पावसाळ्यात इथलं काम बंद होतं तेव्हा मी गावाकडं येणार आहे. खाटेवरच्यांना मी खाटेसकट उचलून नेईन, नाहीतर मशीन घेऊन घरी या म्हणून केंद्रापुढं बसून राहीन, उठणार नाही. तोडीवरचे तोवर गावी परततात, जो परतला नसेल त्याला असेल तिथं जाऊन शोधीन. मला डोंगर फोडायची सवय आहे.

ताई, लग्नात सासऱ्यांनी तुला एक नंबर घेऊन दिला, आणि तो गावानं त्याच साली तुझ्याकडून काढून घेतला. कुणी तुला विचारलं नाही. आईच्या बाजूनं उभी राहिलीस, पण स्वतःला बोलायला एक मोकळा फोन तुला कधी मिळाला नाही. तुझे उपकार फेडायला माझ्याकडं दुसरं काही नाही. त्यातला शेवटचा माणूस मी बाहेर काढीन. मग तुझ्या फोनवर कुणाचाच ओटीपी येणार नाही, आणि तो नंबर पुन्हा तुझा एकटीचा होईल. किती साल लागतील सांगता येत नाही. पण तुझा नंबर मी तुला परत देणार, ताई. हे माझं मी तोंडानं म्हणतो.